फिजिओथेरपी अर्धवट का सुटते आणि दुखणे परत का येते

धागाकर्ती: उपवनकाठ

ठाण्यात नौपाडा परिसरात मी गेली बरीच वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. या काळात एक गोष्ट सतत पाहत आले आहे आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे फार दिवसांपासून मनात होते. खांदा, कंबर, गुडघा किंवा घोटा दुखतो म्हणून माणूस आमच्याकडे येतो, आठ-दहा दिवस नेमाने उपचार घेतो, दुखणे निम्म्याहून कमी होते आणि नेमके त्याच सुमाराला तो येणे बंद करतो. काही महिन्यांनी तोच खांदा किंवा तीच कंबर घेऊन तो परत येतो आणि "मागच्या वेळी फिजिओथेरपीने तात्पुरताच फरक पडला" असे सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नसते, कारण त्याने घेतलेला उपचाराचा भाग खरोखरच तात्पुरत्या आरामाचा होता. टिकाऊ फरक पाडणारा भाग त्यानंतर सुरू व्हायचा होता.

स्नायू, हाडांना एकमेकांशी बांधणारे अस्थिबंध किंवा स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा यांना इजा झाली की शरीर आपणहून दुरुस्तीला लागते. पहिले काही दिवस सूज, उष्णता आणि ठणका असतो; हा दाह त्या दुरुस्तीचाच भाग आहे. पुढे साधारण सहा आठवड्यांपर्यंत त्या जागी कोलॅजन या प्रथिनाचे नवे तंतू तयार होतात, पण सुरुवातीला ते आडवेतिडवे, कसेही पडलेले असतात. त्या भागावर ज्या दिशेने ताण येतो त्या दिशेने ते हळूहळू ओळीत लागतात आणि जाड होतात. ही प्रक्रिया काही महिने, मोठ्या दुखापतीत वर्षभरही चालू राहते. ताण मिळालाच नाही, तर भरून आलेली जागा कच्ची राहते. ठणका मात्र बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच ओसरतो, म्हणजे दुखणे थांबते तेव्हा दुरुस्ती अर्धीही झालेली नसते.

दुसरी बाब स्नायूंची. गुडघ्यात सूज किंवा पाणी असले, तर मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा मेंदूचा आदेशच कमी होतो. रुग्णाला हे जाणवत नाही, पण टेपने मोजले की दिसते. गुडघ्याच्या वाटीपासून दहा सेंटीमीटर वर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर घेतला, तर दुखऱ्या बाजूची मांडी चांगली दीड-दोन सेंटीमीटरने बारीक झाल्याचे अनेकदा आढळते. तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर व्यायाम कशासाठी चालू ठेवायचा हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दुखणे थांबले म्हणून हा स्नायू आपोआप भरत नाही. त्याला वाढत्या वजनाचे काम द्यावे लागते. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती मुख्यतः नसा आणि स्नायू यांचा समन्वय सुधारल्यामुळे असते, आणि स्नायू प्रत्यक्षात भरायला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात.

शेक, करंट, अल्ट्रासाउंड आणि मेणाचा शेक यांविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. दुखणे थोडा वेळ कमी व्हावे आणि तेवढ्या अवधीत सांधा हलवता यावा, यासाठी या साधनांचा उपयोग होतो आणि मीही ती वापरते. परंतु रुग्णाला मशीन लावून वीस मिनिटे झोपवून ठेवायचे आणि घरी पाठवायचे, याला पूर्ण उपचार म्हणता येणार नाही. माझ्या सांध्याची हालचाल मोजली का, ताकद तपासली का, घरी करायचे व्यायाम माझ्याकडून एकदा करून घेतले का, हे रुग्णाने अवश्य विचारावे. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी यांच्यासाठी राज्य परिषद आहे, तेव्हा उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारण्यातही संकोच नसावा.

आपल्या भागाचा या शास्त्राशी जुना संबंध आहे. पोलिओच्या साथीनंतर १९५३ साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी देशातील पहिली शाळा सुरू झाली. पोलिओने लुळे पडलेले पाय नुसत्या शेकाने उभे राहणार नव्हते. जे स्नायू जिवंत होते त्यांना रोज थोडे थोडे जास्त काम देत जाणे, एवढाच मार्ग होता. माझ्या शिक्षकांनी आम्हाला तोच संस्कार दिला आणि आज गुडघा बदललेल्या आजींना उभे करतानाही मी त्याच मार्गाने जाते.

किती दुखले तर चालेल, हा प्रश्न रोज विचारला जातो. शून्य ते दहा अशा मोजमापात व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखणे चालते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आले पाहिजे. सकाळी दुखणे किंवा सूज वाढलेली असेल तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला असे समजून तो एक पायरी खाली आणावा. व्यायाम बंद करू नये. अगदी ताजी शस्त्रक्रिया किंवा न जुळलेले हाड असेल तर हा नियम लागू होत नाही. तेथे शल्यविशारदांनी आखून दिलेली मर्यादाच पाळावी लागते.

आपले अनुभव आणि प्रश्न येथे मांडावेत. नेमके निदान तपासल्याशिवाय करता येत नाही, पण दिशा नक्की सांगता येईल.

प्रतिसाद: घंटाळीकर

अतिशय आवश्यक विषय. माझे वय पंचावन्न असून गेली काही वर्षे मधुमेह आहे. चार महिन्यांपासून डावा खांदा आखडला आहे. पाठीमागे हात नेऊन ब्लाउजचा हूक लावता येत नाही, अंबाडा घालता येत नाही आणि रात्री त्या कुशीवर वळले की जाग येते. एक्स-रे स्वच्छ आला. नात्यातल्या एकीने "दोन वर्षांत आपोआप सुटतो, काही करू नका" असे सांगितले, तर दुसरीने हात जोरात ओढून घ्यायला सांगितले. यातले खरे काय मानावे?

प्रतिसाद: उपवनकाठ

ताई, आपले वर्णन गोठलेल्या खांद्याशी, म्हणजे फ्रोझन शोल्डरशी जुळते. हा विकार बहुधा चाळीस ते साठ या वयात होतो, स्त्रियांत अधिक आढळतो आणि मधुमेह असलेल्यांत त्याचे प्रमाण इतरांच्या कितीतरी पट असते. सांध्याभोवतीचे पिशवीसारखे आवरण आधी सुजते, मग जाड होऊन आक्रसते. हाडाला काहीच झालेले नसते, म्हणून एक्स-रे स्वच्छ येतो.

तपासणी करताना मी रुग्णाला उताणे झोपवते, कोपर कुशीला टेकवून काटकोनात ठेवते आणि कोपर न हलवता पंजा बाहेरच्या बाजूला नेते. चांगल्या बाजूचा हात साठ-सत्तर अंशांपर्यंत सहज जातो. आखडलेल्या बाजूचा दहा-पंधरा अंशांवरच थांबतो. मी हलवले काय आणि रुग्णाने स्वतः हलवले काय, दोन्ही वेळा तो तेथेच अडतो. खांद्याची कंडरा फाटलेली असेल तर चित्र वेगळे असते. तेथे रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर पुष्कळसा वर जातो. उपचार ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

आपल्या नात्यातल्या दोघींच्या सल्ल्यात थोडे थोडे तथ्य आहे, पण वेळ चुकलेली आहे. विकार तीन टप्प्यांतून जातो. पहिल्या टप्प्यात दुखणे फार असते आणि हालचाल कमी होत जाते, दुसऱ्यात दुखणे ओसरते पण सांधा घट्ट राहतो आणि तिसऱ्यात तो सुटत जातो. सगळे मिळून एक ते तीन वर्षे लागू शकतात आणि मधुमेह असल्यास सांधा पूर्णपणे न सुटण्याची शक्यताही असते, त्यामुळे काहीच न करता थांबणे योग्य नाही. रात्री झोपमोड होते आहे याचा अर्थ आपण बहुधा अजून पहिल्या टप्प्यात आहात. या काळात जोराने ओढल्यास आवरणाची सूज वाढते. ओणवे होऊन हात सैल सोडून लोलकासारखा हलवणे, काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर नेणे, बोटांनी भिंतीवर दुखण्याच्या सीमेपर्यंतच चढणे, हे दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा वेळ करावे. अस्थिरोगतज्ज्ञांनी सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले तर या टप्प्यात त्याचा चांगला उपयोग होतो, मात्र त्यानंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते, म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी कळवावे. दुखणे शमले की मग आवरण ताणण्याचा खरा व्यायाम सुरू करायचा असतो, आणि बहुतेक जण नेमके त्याच वेळी येणे थांबवतात.

प्रतिसाद: पहाटधावक

मी येऊरच्या रस्त्यावर धावतो. मागच्या पावसाळ्यात उतारावर घोटा आतल्या बाजूला मुरगळला. बर्फ, पट्टी आणि आराम असे दोन आठवडे केले आणि सूज गेल्यावर धावायला लागलो. तेव्हापासून तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, अगदी सपाट फुटपाथवरदेखील. धाग्यात लिहिलेले वाचून माझ्याच घोट्याविषयी वाचतो आहे असे वाटले.

प्रतिसाद: उपवनकाठ

घोटा आत वळतो तेव्हा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले किंवा फाटले जातात, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच अस्थिबंधात आणि आजूबाजूच्या स्नायूंत सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारे सूक्ष्म ग्राहक असतात आणि त्यांनाही इजा होते, ही बाब सहसा कोणी सांगत नाही. पाय वाकडा पडतो आहे ही बातमी मेंदूला उशिरा पोचते, पायाच्या बाहेरील बाजूचे स्नायू उशिरा आवळतात आणि तोवर घोटा वळून गेलेला असतो. सूज उतरल्याने ही उणीव भरून निघत नाही.

यासाठी तोलाचा सराव करावा लागतो. आधी भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, ते जमले की डोळे मिटून, त्यानंतर दुमडलेल्या सतरंजीवर, मग एका पायावर उभे राहून हातांनी चेंडू झेलणे, आणि शेवटी एका पायावर उडी मारून स्थिर उतरणे, असा क्रम ठेवावा. जोडीला पोटरीसाठी टाचा उचलण्याचा व्यायाम, आधी दोन्ही पायांवर आणि मग एका पायावर. दुखरा पाय चांगल्या पायाइतक्या उड्या तितक्याच स्थिरपणे मारू शकेपर्यंत येऊरचा उतार टाळून उपवन तलावाभोवतीच्या सपाट रस्त्यावर धावावे.

बर्फाविषयी थोडेसे. आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी मांडले आणि जगभर रूढ झाले. पुढे त्यांनी स्वतःच, बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते, असे लिहिले. ठणका सहन होत नसेल तर पहिल्या दिवशी थोडा वेळ बर्फ लावायला हरकत नाही. दोन आठवडे घोटा अजिबात न हलवणे मात्र टाळावे.

मुरगळल्यानंतर एक्स-रे केव्हा काढावा याचेही ठरलेले निकष आहेत. दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळी चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटीमीटरच्या भागात, दाबल्यावर हाडावरच दुखत असेल, तर एक्स-रे काढून घ्यावा.

प्रतिसाद: कोपरखैरणेकर

माझे वडील वाशीच्या बाजार समितीत कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार आहेत. वय बावन्न. दोघे जण गोणी उचलून पाठीवर देतात, वडील कमरेत वाकून मान पुढे काढतात आणि ट्रकच्या फळीवरून थप्पीपर्यंत चालत जातात. हे काम ते तरुणपणापासून करत आले आहेत. अडीच महिन्यांपूर्वी गोणी पाठीवर येतानाच कंबर धरली आणि डाव्या मांडीतून पोटरीपर्यंत कळ गेली. एम.आर.आय. काढला, त्यात दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकलेली दिसली. "मणक्यात गॅप आहे" असे सांगून पट्टा दिला आणि पूर्ण विश्रांती घ्यायला सांगितली. महिनाभर पलंगावर होते. कळ बरीच कमी झाली म्हणून कामावर गेले आणि पहिल्याच दिवशी दुपारी पुन्हा झोपून राहावे लागले. आता ते म्हणतात की माझी कंबर संपली. टोळीत मजुरी सगळ्यांच्या कामावर चालते, एक जण कमी पडला की भार इतरांवर येतो, याचेही त्यांना फार वाईट वाटते. अशा माणसाला फिजिओथेरपीचा खरोखर उपयोग आहे का, की ती फक्त खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांसाठी आहे?

प्रतिसाद: अस्थिरोग_वाशी

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. व्यायामाविषयी धागाकर्ती लिहितीलच. त्याआधी कंबरदुखी असलेल्या प्रत्येकासाठी काही लक्षणे येथे नोंदवतो. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, बसताना टेकणारा भाग बधिर होणे, पाऊल उचलता न येणे किंवा पायातली ताकद दिवसागणिक कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. ताप, संध्याकाळी येणारी कणकण, वजन घटणे आणि विश्रांती घेतानाही न थांबणारे रात्रीचे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा अन्य गंभीर आजार तपासावाच लागतो. आपल्याकडे हा क्षयरोग दुर्मीळ नाही. पूर्वी कर्करोग झालेला असणे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेले असणे किंवा उतारवयात पडल्यानंतर पाठ दुखू लागणे, हीही व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवण्याची कारणे आहेत. कंबरदुखीच्या बहुसंख्य रुग्णांत यांतले काहीही नसते, आणि तसे असेल तर लवकर हालचाल सुरू करावी असेच मीही सांगतो.

एम.आर.आय.विषयी एक मुद्दा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३११० व्यक्तींच्या तपासण्या एकत्र पाहण्यात आल्या. त्यांपैकी विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के व्यक्तींच्या गाद्यांत झीज होती. फुगलेली गादी विशीत ३० टक्क्यांना, तर ऐंशीत ८४ टक्क्यांना होती. अहवालातला प्रत्येक शब्द म्हणजे दुखण्याचे कारण असे मानू नये. अहवाल आणि पायाची तपासणी एकमेकांशी जुळते का हे पाहावे लागते. सरकलेल्या गादीचा बाहेर आलेला भाग पुष्कळ रुग्णांत काही महिन्यांत आपोआप आक्रसून जातो, हेही आपल्या वडिलांना आवर्जून सांगावे.

प्रतिसाद: उपवनकाठ

डॉक्टरांचे आभार. त्यांनी लिहिलेली लक्षणे वडिलांना नसल्याची खात्री आधी प्रत्यक्ष तपासणीत करून घ्यावी. ती नाहीत असे धरून पुढचे लिहिते.

दादा, आपल्या शेवटच्या प्रश्नाने मला फार अस्वस्थ केले. फिजिओथेरपीची सर्वांत जास्त गरज अंगमेहनत करणाऱ्यालाच असते, आणि नेमका तोच आमच्यापर्यंत सर्वांत कमी वेळा पोचतो, कारण उपचारासाठी घालवलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी असते. आपल्या वडिलांची कंबर संपलेली नाही. महिनाभर पलंगावर राहिल्याने तिची ताकद उतरली आणि त्या उतरलेल्या ताकदीवर पहिल्याच दिवशी पूर्ण भाराची गोणी आली.

कंबरदुखीवर पलंगावरची विश्रांती ही फार काळ मान्यता पावलेली पद्धत होती. १९८६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच उपयोगी ठरली. १९९५ साली हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात, दुखणे सोसेल तेवढी नेहमीची कामे चालू ठेवणारे लोक विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. त्यामुळे पट्टा फक्त प्रवासापुरता किंवा दुखणे फार असेल त्या वेळेपुरता ठेवावा आणि चालणे आजपासून सुरू करावे. सोसायटीच्या आवारात दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. चालताना कंबर थोडी दुखली तरी चालेल, पण पोटरीतली कळ खाली खाली पसरत असेल तर अंतर कमी करावे. कळ पायातून वर सरकत कंबरेपुरती उरली, तर कंबर तेवढ्यापुरती जास्त दुखली तरी ते सुधारणेचे लक्षण समजतात.

पहिल्या टप्प्यात गुडघे वाकवून झोपून कंबर उचलणे, ओणवे होऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करून धरणे, आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे. हे सहज जमू लागले की वजन उचलण्याचा सराव करायचा, आणि तो टाळता येणार नाही. पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकायचे आणि घरातली पाच किलो तांदळाची पिशवी जमिनीवरून उचलून छातीशी धरायची. ती दहा वेळा उचलूनही दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढली नाही, तर आठ-दहा दिवसांनी दहा किलो, मग पंधरा, मग वीस. त्यापुढची वजने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली वाढवावीत. वजन पाठीवर घेऊन चालण्याचा, पाट ठेवून पायरी चढण्याचा आणि थप्पीला वजन लावताना पायासकट वळण्याचा सरावही त्यातच आला, कारण त्यांच्या कामात नेमक्या याच हालचाली आहेत. सरावाच्या खोलीत वीस किलो उचलणाऱ्याला बाजारात पन्नास किलो पेलता येईल असे गृहीत धरता येत नाही. या सगळ्याला तीन महिने लागतील असे मानून चालावे.

मधल्या काळासाठी मुकादमांशी बोलून पाहावे. वजनकाट्यावरचे काम, गोण्या शिवणे, निवडणे अशी हलकी कामे काही आठवडे मिळाली तर मजुरीही पूर्ण बुडणार नाही आणि शरीर कामाच्या सवयीत राहील. ५० किलोपेक्षा जड गोणी उचलायला लावू नये ही माथाडींची जुनी मागणी आहे आणि माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने ती शंभर टक्के योग्य आहे. नेरूळ आणि कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली फिजिओथेरपी महाविद्यालये आहेत. तेथील बाह्यरुग्ण विभागात अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार होतात आणि खर्च सहसा खासगी क्लिनिकपेक्षा कमी असतो.

प्रतिसाद: कोपरखैरणेकर

सविस्तर उत्तरासाठी मनापासून आभार. वडिलांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. गादीचा भाग आपोआप आक्रसतो हे ऐकून त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. सोमवारी नेरूळला नेणार आहे.

प्रतिसाद: ठाणे_वाशी_लोकल

मी रोज ठाणे-वाशी लोकलने नोकरीला जाते. मान आणि उजव्या खांद्याच्या दुखण्यासाठी मला पाऊण तासाचा व्यायाम दिला आहे, पण घर, स्वयंपाक आणि प्रवास यांत पाऊण तास एकदम निघत नाही. त्यामुळे आठवड्यातून दोनदाच होतो आणि मग अपराधी वाटते. यावर काही मार्ग आहे का?

प्रतिसाद: उपवनकाठ

ताई, मार्ग आहे आणि आपण तो निःसंकोच आपल्या फिजिओथेरपिस्टकडे मागावा. ज्या माणसाच्या दिवसात पाऊण तास बसत नाही त्याला पाऊण तासाचा कार्यक्रम देणे ही आखणीतली उणीव आहे, त्यात आपला दोष नाही. हालचालीचे व्यायाम दिवसभरात विखरून करता येतात. दर तासाला खुर्चीतच खांद्याची पाती मागे ओढून पाच श्वास धरणे आणि मान दोन्ही बाजूंना वळवणे याला मिनिटभर लागते. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला हात टेकवून तिरके दंड काढता येतात. ताकदीच्या व्यायामांना रोजची गरज नसते. एक दिवसाआड पंधरा मिनिटे रबरी पट्टा ओढणे पुरेसे होते. गाडीत उभे राहावे लागत असेल तर कडी नेहमी उजव्याच हाताने धरू नये आणि पर्स त्याच खांद्यावर अडकवू नये. हात बधिर होत असेल किंवा बोटांतली पकड सुटत असेल, तर मात्र आधी तपासून घ्यावे.

प्रतिसाद: खारीगाव

आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया होऊन बारा दिवस झाले. दुखते म्हणून ती गुडघ्यांखाली जाड उशी घेऊन झोपते आणि तिला त्याने बरे वाटते. फिजिओथेरपिस्ट घरी येतात, पण ते गेल्यावर ती व्यायाम करत नाही. "गुडघे नवे बसवले आहेत, आता व्यायाम कशाला" असे तिचे म्हणणे आहे. आमची इमारत जुनी असून लिफ्ट नाही, त्यामुळे टाके काढायला तिसऱ्या मजल्यावरून खाली कसे न्यायचे याचीही चिंता आहे.

प्रतिसाद: उपवनकाठ

उशी आजच काढावी. गुडघा वाकवून ठेवल्याने दुखणे कमी वाटते हे खरे, पण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत सांध्यामागच्या ऊती त्याच स्थितीत आखडतात आणि गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो. सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर माणूस कायम लंगडत चालतो आणि मांडीचा स्नायू लवकर थकतो. त्याऐवजी टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने खाली टेकू लागेल. त्या स्थितीत मांडी आवळून गुडघ्याचा मागचा भाग गादीवर दाबायचा, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचे. दर दोन तासांनी दहा वेळा हे झाले तरी मोठे काम होते.

वाकण्याविषयी आईंना आकड्यांनी सांगून पाहावे. सपाट चालायला गुडघा साठ-पासष्ट अंश वाकावा लागतो, जिना चढायला ऐंशीच्या पुढे आणि खुर्चीतून नीट उठायला नव्वदच्या पुढे. शस्त्रक्रियेने सांध्याचे पृष्ठभाग बदलले आहेत. ते वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू आईंचेच आहेत आणि वर्षानुवर्षांच्या दुखण्याने ते अशक्त झालेले आहेत. वेदनाशामक गोळी घेतल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायामाला बसवावे, म्हणजे भीती कमी राहील. एका पोटरीत एकाएकी सूज, उष्णता आणि दाबल्यावर दुखणे जाणवले तर रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन लगेच शल्यविशारदांना कळवावे, आणि धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालयात न्यावे.

जिन्यासाठी साधा नियम आहे. चढताना जास्त बळकट पाय आधी, उतरताना जास्त दुखरा पाय आधी. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी, आणि उतरताना घरच्या माणसाने एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून राहावे. प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवून दोन-तीन मिनिटे बसू द्यावे. फिजिओथेरपिस्टना आधी सांगून ठेवले तर ते घरच्या जिन्यावर चार-पाच पायऱ्यांचा सराव दोन दिवस करून घेतील, आणि त्यांनी होकार दिल्यावरच टाक्यांच्या दिवशी खाली उतरवावे.